दोन सूत: ओपन साइटसाठी एअर रायफलचा दस्ता

२५ मे २०२५, रविवार

दहा मीटरवर सहा कागद मारले, कागदाला पाच छर्रे. सहाही कागदांना एकच दुखणं. छिद्रं आडवी पसरत नाहीत, उभी पसरतात. सगळ्यात वाईट कागदावर वरच्या आणि खालच्या छिद्रात ३४ मिमी, आडवा पसारा फक्त १४. कागदावरचा काळा गोलच ३०.५ मिमीचा असतो, म्हणजे माझे पाच छर्रे त्या गोलात मावत नाहीत. क्रमही ठरलेला: पहिले दोन जागेवर, तिसऱ्यापासून वर चढायला लागतात.

रायफल देशी, बॅरल (नळी) सांध्यातून मोडून स्प्रिंग दाबायची, ४.५ मिमी. घेतली तेव्हा तिच्यावर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) होता. मुलगी गेल्या वर्षीपासून ओपन साइट मारते, तिच्याशी पैज लागली, म्हणून स्कोप उतरवला आणि ओपन साइटवर, म्हणजे नळीच्या टोकाची माशी डोळ्याकडच्या खाचेत धरून नेम साधण्यावर आलो. तेव्हापासून हे चालू आहे. आधी चाळिशीला दोष दिला (वय ५१, चष्मा दुहेरी), मग छर्‍यांना, मग स्प्रिंगला.

आज मागे बाकावर बसलेली चिंगी म्हणाली, "बाबा, तू नेम धरतोयस की दस्ता चावतोयस?" तिनं बाजूनं फोटो काढलाय. गाल इतका दाबलाय की ओठ वाकडा झालाय.

२६ मे, सोमवार

पहाटेपासून धो धो. वेधशाळेनं आजच मुंबईत मान्सून आल्याचं सांगून टाकलं, नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी. लोकलचा भरवसा नव्हता, कामावर गेलो नाही. दिवसभर तो फोटो आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

गाल जिथं टेकतो तो दस्त्याचा माथा मला उंच पडतो. याला कारखान्याची चूक म्हणावी तर तसंही नाही. हल्ली बहुतेक गिऱ्हाईक स्कोप लावतं आणि स्कोप नळीच्या बराच वर बसतो. ओपन साइटची रेषा नळीला जवळजवळ घासून जाते. माझ्या रायफलवर या दोन रेषांमध्ये २४ मिमीचा फरक आहे. एकच दस्ता दोन्हींना चालवायचा म्हणून बनवणाऱ्यानं मधली उंची धरली. परिणाम असा की स्कोप लावला की गाल हवेत, आणि ओपन साइट वापरली की गाल रुतवावा लागतो. महिनाभर मी रुतवत होतो.

आता छर्रे वर का चढतात ते. गाल दाबून डोळा रेषेत आणला की पहिले दोन छर्रे ठीक जातात. मग मानेचे स्नायू थकतात आणि डोळा नकळत मिलिमीटरभर वर सरकतो. डोळा वर गेला की जवळची खाच जास्त खाली गेल्यासारखी दिसते, लांबची माशी कमी. म्हणजे माशी खाचेतून डोकं वर काढते. लक्ष काळ्या गोलावर असेल तर हे कळतही नाही, आपण माशीचं टोक गोलाखाली नेऊन ठेवतो आणि नळी वर तोंड करून बसलेली असते.

किती फरक पडतो? माझ्या माशीपासून खाचेपर्यंत ४२० मिमी. माशी खाचेत अर्धा मिमी उंच दिसली तर दहा मीटरवर ०.५ × १०००० ÷ ४२०, म्हणजे साधारण १२ मिमी. या कागदावर एका कड्यापासून पुढचं कडं अडीच मिमीवर. दहावर जायचा छर्रा सहावर जातो. अर्धा मिमी म्हणजे पोस्टकार्डाचे दोन पापुद्रे.

दुसरंही एक आहे. स्प्रिंगची रायफल झटका दोन्हीकडे देते, आधी मागे, मग पिस्टन पुढे आदळला की पुढे, आणि छर्रा अजून नळीतच असतो. तिला जितकी सैल धराल तितकी ती दर वेळी सारखी उडते. गालानं दाबून धरली की प्रत्येक दाबाला वेगळी उडी. त्यामुळे माझा दोष दुहेरी आहे.

१ जून, रविवार

डोक्यात आलं ते आधी करून मोकळा झालो, नंतर विचार केला. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ३ मिमी अॅल्युमिनियमची पट्टी कापली, तिला दोन लांबट भोकं पाडली आणि बटाचं (दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकाचं) रबरी पॅड तिच्यावर चढवलं. पॅड आता १५ मिमी खाली सरकतं. दिसायला झकास. आज रेंजवर नेलं. मान सरळ झाली, खांद्यात बट छान बसलं. पण कागद? उभा पसारा ३१.

घरी येताना बसमध्ये प्रकाश पडला. पॅड खाली सरकवल्यानं अख्खी रायफल वर आली, म्हणून मान कमी वाकली. पण गाल आणि साइट यांच्यातलं अंतर तेवढंच राहिलं, कारण ते अंतर दस्त्याच्या माथ्यानं ठरतं. मानेचं दुखणं पॅडनं बरं होतं, डोळ्याचं नाही. दोन्ही एकच समजून मी आठवडा घालवला. पट्टी काढणार नाही मात्र, मानेला खरंच बरं वाटतंय.

७ जून, शनिवार

अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. अण्णा परळच्या रेल्वे वर्कशॉपात पॅटर्न मेकर होते. ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने करण्यात हयात गेली. वय ७८. हात थोडा थरथरतो, पण हातात हत्यार आलं की थांबतो. रायफल उलटसुलट करून पाहिली. पहिला प्रश्न: "भरलेली नाही ना?" मी नळी मोडून दाखवली. दुसरा: "लाकूड कसलं?" मला सांगता येईना. डाग देऊन अक्रोडासारखं केलंय, आत काय आहे कोण जाणे. नखानं दाबून ते म्हणाले, "हलकंच आहे. कापायला बरं."

मी म्हटलं, नऊ मिमी कापायचं. नऊ कुठून आलं? चिंगीनं तीन मीटरवरून बाजूनं फोटो काढला, गाल सैल ठेवून, नळीला पोलादी फूटपट्टी चिकटवून. फोटोत बुबुळाचा मध्य साइटच्या रेषेपेक्षा नऊ मिमी वर.

"फोटोवरून लाकूड कापतोस?" एवढंच बोलले आणि चहा मागितला.

मग मापं घेतली. चापापासून बटाच्या टोकापर्यंत पावणेचौदा इंच आणि एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मी लिहून घेतलं. संध्याकाळी कामाच्या टेपनं परत मोजलं तर नेमके चौदा. तीनदा मोजलं, तीनदा चौदा. अण्णांची फूटपट्टी बघितली आणि हसू फुटलं. ती आकुंचनाची फूटपट्टी! ओतलेलं लोखंड निवताना फुटामागे साधारण एक सूत आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्न मेकरची पट्टीच मोठी आखलेली असते. तिच्यावरचा एक फूट म्हणजे खरा एक फूट एक सूत. अण्णा निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, घरातले स्टुलं-पाट सगळे याच पट्टीनं झालेत. आईला कपाटाचा कप्पा नेहमी का मोठा वाटायचा ते आज समजलं.

८ जून, रविवार

रेंज नाही. घरीच "खोटं करून बघण्याचा" कार्यक्रम. कल्पना अण्णांची. काढलेलं लाकूड परत लागत नाही. तेव्हा दस्ता खाली नेण्याऐवजी साइट वर न्यायची, पुठ्ठ्याची.

पुठ्ठ्याची माशी आणि पुठ्ठ्याची खाच कापली, खऱ्या साइटच्या जागी चिकटपट्टीनं उभ्या केल्या. दोन्हींच्या खाली सारखेच थर सरकवता येतील अशी खोबण. एक थर एक मिमीचा. रायफल कॉक केलेली नाही (स्प्रिंग दाबलेली नाही), तोंड भिंतीकडे. मी डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची, गाल जिथं पडेल तिथं पडू द्यायचा, मग डोळे उघडायचे. आणि फक्त सांगायचं: वर, खाली, बरोबर. किती थर आहेत ते मला सांगायचं नाही. थर अण्णा बदलणार, चिंगी वहीत लिहिणार.

तीस वेळा केलं. नऊ थरांना मी बहुतेक वेळा "खाली" म्हटलं, म्हणजे डोळा रेषेच्या खाली जात होता. पाचला "वर". सहा आणि सातला "बरोबर". फोटोतले नऊ का चुकले तेही कळलं: फोटो काढताना मी गाल टेकवलाच नव्हता, नुसता लावला होता. टेकवलेला गाल मांसाचा असतो, दोनेक मिमी दबतो.

अण्णा: "साडेसहा. म्हणजे दोन सूत."

आमच्याकडे सगळं शेवटी सुतात येतं.

डोळे मिटून रायफल उचलायची ही युक्ती जुनी आणि सगळ्या रेंजवर शिकवतात, पण मी ती कधी प्रामाणिकपणे केली नव्हती. डोळे उघडल्याबरोबर मान नकळत साइट शोधायला जाते. दुसऱ्यानं थर लपवले म्हणून यावेळी मला फसवणूक करता आली नाही.

१४ जून, शनिवार

कापण्याआधी एकदा उलट बाजू तपासली. साइटच सात मिमी वर नेता आली असती का? खाच वर नेणं सोपं, खाली एक पट्टी घातली की झालं. पण माशीही तितकीच उंच करावी लागते. लेथवर खांब काढून देता येईल, पण सात मिमी जास्त उंच माशी म्हणजे हातभर गवताचं पातं. कव्हरात घालताना पहिल्याच दिवशी वाकणार, आणि तिच्यावरचं गोल टोपण बसणार नाही ते वेगळंच. नको.

परत स्कोप हाही पर्याय नाही. पैजेसाठी तर नाहीच, आणि या जातीच्या रायफलला ओपन साइटचा एक फायदा आहे जो मला पूर्वी माहीत नव्हता. नळी मोडते ती सांध्यातून. स्कोप बसतो मागच्या नळकांड्यावर, सांध्याच्या अलीकडे. नळी बंद होताना केसभर खाली राहिली तर स्कोप एकीकडे बघतो, छर्रा दुसरीकडे जातो. माझ्या रायफलची माशी आणि खाच दोन्ही नळीवरच आहेत, म्हणजे सांधा कसाही मिटला तरी त्या दोघी नळीबरोबरच हलतात.

जाता जाता: स्प्रिंगला, पिस्टनला हात लावायचा नाही हे घरात जाहीर केलं. शेजारचे एक गृहस्थ "पॉवर वाढवून घ्या" म्हणत होते. आपल्याकडे ४.५ मिमीची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. त्या रेषेपलीकडे गेलो की ते खेळणं राहत नाही. लाकूड हवं तितकं कापावं.

२१ जून, शनिवार

दस्ता सुटा केला. पुढचे दोन बोल्ट, चापाच्या कडीपाशी एक. पुढच्यांपैकी एक हातानंच फिरला, इतका ढिला. स्प्रिंगच्या रायफलचे बोल्ट झटक्यांनी ढिले होतात हे माहीत असून महिनाभर बघितले नव्हते, त्यामुळे ३४ मिमीतले काही मिमी या बोल्टाच्याही नावावर. सुट्या यंत्राला तेलाचं फडकं गुंडाळून कपाटात वर ठेवलं. दस्त्याशिवाय कॉक करून बघायचं नाही, हे चिंगीला दोनदा सांगितलं. तिनं "मला माहितीये" असं दोनदा सांगितलं.

अण्णांनी पेन्सिलीनं दोन्ही बाजूंना रेषा मारली. माथ्याच्या कडेपासून दोन सूत खाली, मागे दस्त्याच्या टाचेकडे जाताना हळूहळू मिटत जाणारी. पुढे दस्त्याच्या मनगटाकडे (मुठीत धरायच्या बारीक भागाकडे) थांबली, कारण तिथं आत यंत्राचा मागचा भाग बसतो, लाकूड पातळ आहे.

पद्धत: दर इंचावर आरीनं आडवा काप, दीड सूत खोल. मग मधले तुकडे पटाशीनं उडवायचे. उरलेलं कानशीनं. मोठी अर्धगोल कानस नागदेवी स्ट्रीटवरून आणली, बाकी सगळं अण्णांच्या पेटीतलं.

कापाचं काम मी मागून घेतलं. सहावा काप जरा जास्त मन लावून मारला आणि तो अडीच सूत गेला. अण्णा काही बोलले नाहीत. चहाचा कप उचलून गॅलरीत गेले. ते न बोलणं शिव्यांपेक्षा वाईट.

२२ जून, रविवार

काप भरला. फेव्हिकॉलमध्ये त्याच लाकडाचा भुसा कालवून दाबला. भरलेली जागा पुढे तेल पीत नाही, फिकट रेघ राहणार. राहू दे, माझ्याच हातची आहे.

पटाशीचं काम अण्णांनी केलं. तुकडे एकेक टिचकी मारल्यासारखे उडत होते. डागाखालचं लाकूड पांढरट पिवळं निघालं, अक्रोडाचा पत्ता नाही. कानशीनं रेषेपर्यंत मी आणलं. मग गाल लावून बघायचा आणि घासायचा, परत लावायचा. नेमका कुठं टेकतो हे कळावं म्हणून गालाला टाल्कम पावडर फासली. लाकडावर पांढरा ठसा उमटला की तो उंचवटा घासायचा. पावडर पांढरट लाकडावर दिसेना, तेव्हा चिंगीनं आईच्या डबीतलं काजळ सुचवलं. उपाय चालला, पण दुपारी गाल न धुता खाली दूध आणायला गेलो आणि सगळ्या चाळीला कार्यक्रम झाला.

रात्री यंत्र परत बसवलं. डोळे मिटून वीस वेळा उचलली. सतरा वेळा माशी उंचीला बरोबर.

२९ जून, रविवार

पॉलिश करण्याआधी उघड्या लाकडावरच रेंजला नेली. पॉलिश केल्यावर लाकूड काढायला मन होत नाही, म्हणून आधी मारून बघायचं. पावसाची हवा लागू नये म्हणून दस्ता प्लास्टिकमध्ये बांधलेला. टॅक्सीवाल्यानं विचारलं, "तंबोरा का?"

उभा पसारा २१ मिमी. आणि सगळे छर्रे ९-१० मिमी डावीकडे!

असं होणारच होतं, मला सुचलं नाही एवढंच. दस्त्याचा आडवा छेद पाहिला तर तो वर निमुळता, खाली जाड असतो. माथा दोन सूत उतरवला म्हणजे आता गाल टेकतो ती जागा आधीपेक्षा जाड आहे. जाड लाकूड चेहऱ्याला बाहेर ढकलतं, मी उजव्या खांद्यानं मारतो, तेव्हा डोळा डावीकडे सरकला. वर-खालीचाच हिशोब आडवा करायचा: डोळा डावीकडे, माशी खाचेत डावीकडे, छर्रा डावीकडे. बॅक साइट (खाच) उजवीकडे फिरवून कागदावर दुरुस्त करता येईल, पण मग डोळ्याला प्रत्येक वेळी रेषेत ओढून आणायचं तेच नाटक परत. जे उंचीत सोडवलं तेच रुंदीत ठेवायचं?

६ जुलै, रविवार

आषाढी. अण्णांचा उपास, सकाळी वडाळ्याच्या विठ्ठलाला जाऊन आले, रांग पार रस्त्यापर्यंत होती म्हणे. साबुदाण्याची खिचडी खाऊन दस्ता मांडीवर घेतला आणि म्हणाले, आज बाजू मी उतरवतो, तू फक्त गाल लाव.

हे काम मोजून करता येत नाही. कानशीचे सात-आठ हात, मग गाल. परत चार हात, गाल. हाताची उलटी बाजू लाकडावरून फिरवून ते उंचवटा शोधत होते. मी म्हटलं डोळ्यांनी दिसत नाही का. तर म्हणाले, नमुन्यात अर्ध्या सुताची गाठ राहिली तर ओतीव लोखंडात ती तशीच उतरते आणि मग मशीनशॉपवाला शिव्या घालतो, म्हणून हाताला सवय. शेवटचा हात कानशीचा नाही, काचेचा. फुटलेल्या खिडकीच्या काचेच्या धारेनं लाकूड खरवडलं, भुसा नाही, केसासारखे पापुद्रे निघाले.

बाजूचं लाकूड मध्ये एक सूतभर गेलं, कडांना मिटत. माथ्याची पुढची कडही गोल केली, तिथं अंगठ्याच्या बेचक्याला टोचत होतं.

डोळे मिटून वीसपैकी अठरा वेळा माशी खाचेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. हा दिवस खरं तर संपूर्ण कामाचा दिवस. बाकी सगळी तयारी आणि निस्तरणं.

१३ जुलै, रविवार

पॉलिश पेपर ८०, १२०, २२०. मग ओल्या फडक्यानं पुसून लाकडाचे तंतू उठवले, वाळल्यावर ४००. उरलेल्या दस्त्याचा जुना डाग काढला नाही, त्यामुळे गालाची जागा पांढरी आणि बाकी तपकिरी, कोड आल्यासारखं. पाण्यातला अक्रोडी डाग दोन हात देऊन जुळवलं. फिकट रेघ राहिलीच.

मग तेल. अळशीचं. घाण्यावरचं शुद्ध मिळालं, खुशीत भरपूर चोळलं.

२० जुलै, रविवार

आठवडा झाला, दस्ता गुळाच्या ढेपेसारखा चिकट. बोटाचे ठसे, त्यावर एक डास कायमचा.

घाण्याचं कच्चं तेल हवेतून वाळायला कोरड्या दिवसांतही कितीतरी आठवडे घेतं. हार्डवेअरच्या दुकानात "बॉइल्ड" म्हणून मिळतं त्यात वाळवणारी द्रव्यं घातलेली असतात. आणि मी कच्चं तेल लावलं ते जुलैत, मुंबईत. अण्णांना विचारलं का नाही, तर ते दुसऱ्या मुलाकडे विरारला गेले होते आणि मला घाई. टर्पेंटाइननं सगळं पुसून काढलं, दोन तास. आता बॉइल्ड, आणि तेही अगदी पातळ हात: लावायचं, वीस मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसायचं, दोन दिवस पंख्याखाली.

तेलाची फडकी मी बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकत होतो. अण्णा फोनवर ओरडले. वाळताना अळशीचं तेल तापतं, बोळ्यात उष्णता कोंडली की फडकं आपोआप पेटतं. त्यांच्या शॉपमध्ये अशी फडकी पाण्याच्या बादलीत टाकायची शिस्त होती. आमच्याकडे आता मोरीत एक जुना डबा ठेवलाय.

३ ऑगस्ट, रविवार

पाच हात झाले. वास गेला, चिकटपणा गेला. झळाळी नाही, जुन्या पाटासारखी मंद चमक. मला आवडली.

मधल्या काळात चष्म्याचं बघितलं. दस्ता जागेवर आल्यावर खरं लक्षात आलं की दुहेरी चष्म्याच्या वरच्या भागातून माशी धूसर दिसते आणि खालच्या भागातून बघायला मान वर करावी लागते, म्हणजे दस्त्यावर केलेली सगळी मेहनत वाया. चष्मेवाल्याकडे रायफल नेणं बरं दिसत नाही, म्हणून दांड्याला एक मोळा ठोकून नेला: डोळ्यापासून माशी जितक्या अंतरावर येते तितका लांब. उजव्या डोळ्याला लांबच्या नंबरवर अर्धा नंबर वाढवून लावला तर मोळा स्वच्छ, भिंतीवरची पाटी किंचित विरघळलेली. नेमकं हेच हवं होतं. माशी स्पष्ट हवी, गोल थोडा मऊ दिसला तरी चालतो, खाच तर धूसरच असते. पाऊण नंबरला मोळा आणखी ठळक, पण पाटीच गायब. अर्ध्यावर थांबलो. साधी एकेरी काच, स्वस्त फ्रेम.

१० ऑगस्ट, रविवार

रेंज. पूर्ण दस्ता, नवा चष्मा, बोल्ट तिन्ही घट्ट. सहा कागद.

सगळे छर्रे खाली! मध्य साधारण १२ मिमी खाली. घाबरलो नाही, उलट बरं वाटलं. पूर्वी उंच लागतंय म्हणून बॅक साइट मी उतरवत नेली होती. आता डोळा रेषेत आहे तर ती जुनी लबाडी उघडी पडली. १२ मिमी म्हणजे साइटवर अर्धा मिमी, बॅक साइट तेवढी वर घेतली. बॅक साइट जिकडे नेऊ तिकडे छर्रा जातो, हे चिंगीनंच आठवण करून दिलं, मी आधी उलट फिरवलं होतं.

शेवटच्या तीन कागदांवर उभा पसारा १७, १९, १६. आडवा १४, १५, १३. म्हणजे आडवं होतं तेवढंच राहिलं, ते माझ्या हाताचं आहे. उभं निम्म्यावर आलं, ते लाकडाचं होतं. आणि तिसऱ्या छर्‍यानंतर चढणं बंद.

चष्म्याचं श्रेय किती आणि दस्त्याचं किती हे सांगता येणार नाही, दोन्ही एकदम वापरले. शिस्तीत करायला हवं होतं.

१७ ऑगस्ट, रविवार

म्हणून आज शिस्तीत केलं. तीन कागद जुन्या चष्म्यानं, तीन नव्या. जुन्यानं उभा २२, २०, २३. नव्यानं १७, १८, १६. तर ३४ वरून २१-२२ पर्यंत दस्ता आणि तो ढिला बोल्ट, तिथून पुढचे चार-पाच मिमी चष्मा.

चिंगीनं माझी रायफल मारून बघितली. तिला दस्ता लांब पडतो, पण उंची तिलाही बसली, बहुतेक चेहरा अण्णांवर गेल्यामुळे. पैजेचा कागद अजून बाकी. ती म्हणते सहामाही परीक्षा झाल्यावर.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपती बुधवारी. लालबागच्या गर्दीतून रायफलचं कव्हर घेऊन टॅक्सीपर्यंत पोचणं अशक्य, आता विसर्जन होईपर्यंत सुट्टी. दस्त्यावर मेण चढवून, नळीत तेलाचा हलका हात देऊन ठेवून दिली.

दोन कामं उरली. एक, स्कोप परत लावायची वेळ आली तर आता गाल पूर्वीपेक्षा दोन सूत जास्त हवेत राहील. त्यासाठी जुन्या दप्तराचे पट्टे आणि चटईचा फोम घेऊन गालाखाली ठेवायची सुटी गादी शिवायचीय. दोन, माशीचा खांब जाड आहे. रुंदी २ मिमी, डोळ्यापासून ८५ सेंटिमीटरवर. दहा मीटरवर तो साडेतेवीस मिमी रुंद दिसतो, ३०.५ च्या गोलाखाली ठीक, पण खाचेत त्याच्या दोन्ही बाजूंना उजेड फार कमी उरतो. खांब बारीक करायचा की खाच रुंद? खाच रुंद करणं सोपं, सपाट सुई-कानशीनं दहा मिनिटांचं काम. अण्णा विरारहून आले की विचारतो. आधी पुठ्ठ्याची करून बघ म्हणतील.